जिभेवर पास केलेलं मीठ

आमच्या साहेबांना गरम चहा पिताना कुणी पाहिलं नव्हतं. चहा आला की ते साखर घालत, ढवळत, कपावर बशी पालथी घालत आणि मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी ठेवत. सात मिनिटं. तेवढ्यात कुणी बोलायला आलं तर हात वर करून म्हणत, "बसू दे." नक्की काय बसायचं असतं हे मला पहिले आठ दिवस कळलं नाही. साखर विरघळलेली असे, पत्ती गाळलेली असे, बसण्यासारखं त्या कपात काही उरलेलंच नसे. पुढं कळलं की साहेबांच्या मते कुठल्याही दोन गोष्टी एकत्र आल्या की त्यांची आपसात देवाणघेवाण सुरू होते, आणि ती निवांत होईपर्यंत मध्ये तोंड घालणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. मग तो चहा असो, नवी सून असो, की रेझिन.

रेझिन हे आमचं काम. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरला लागणारं पाणी मऊ करून देणारा एक विभाग होता. साहेब त्याचे प्रमुख आणि मी नुकताच बी.एस्सी. होऊन चिकटलेला शिकाऊ केमिस्ट. ऐंशीच्या दशकातली पहिली काही वर्षं. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलं की ते जड होतं, आणि असं पाणी बॉयलरच्या नळ्यांत उकळलं की आतून दगडासारखा थर धरतं. तो धरू नये म्हणून दोन पुरुष उंचीचं एक लोखंडी भांडं होतं. त्यात राजगिऱ्याएवढे पिवळसर मणी भरलेले. हे रेझिनचे मणी अंगावर सोडियम धरून बसलेले असत. वरून जड पाणी सोडलं की ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडत आणि बदल्यात सोडियम सोडून देत. मणी भरले की मिठाचं दाट पाणी सोडायचं. पकडलेलं बाहेर पडायचं, सोडियम पुन्हा जागेवर यायचं, आणि मणी परत कामाला लागायचे.

साहेब या मण्यांना 'मंडळी' म्हणत. "मंडळी दमली आज." "मंडळींची आंघोळ झाली का?" इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत थोडी मंडळी ते कायम शर्टाच्या खिशात बाळगत. वाशीला त्यांच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की हे ओळख करून घ्यायला जात, पेल्यात नळाचं पाणी मागत आणि त्यात चिमूटभर मणी टाकून बघत बसत. एका बाईंनी त्यांना होमिओपॅथीचे डॉक्टर समजून मुलाचा खोकला सांगितला. साहेबांनी तो सगळा ऐकून घेतला. कफ सुटतो का तेही विचारलं. मग मुलाला वीस मिनिटं शांत बसवा, असं सांगून घरी आले.

मला त्यांनी पहिला धडा दिला तो बॉयलरच्या काळ्या भिंतीवर खडूनं.

"कॅल्शियमला दोन हात," ते म्हणाले. "सोडियमला एक. मण्यावर जागा आधी कोण धरणार?"

"कॅल्शियम."

"मग मिठाच्या पाण्यात तोच कॅल्शियम जागा सोडतो कसा? हात मोडतात त्याचे?"

मी पुस्तकातलं समीकरण आठवायला लागलो.

"झुंड!" साहेब म्हणाले. "पाणी पातळ असेल तेव्हा दोन हातवाल्याचा जोर. पण एक हातवाल्यांची दाट झुंड आली की त्याला उठावंच लागतं. आणि एक डोक्यात ठेव. सगळे कधीच उठत नाहीत. थोडे बसलेले राहतात. किती राहतात ते झुंडीवर. झुंडीतच कुणी दोन हातवाले घुसले असतील, तर तू दिवसभर मीठ ओत, मंडळी काही साफ होणार नाहीत. झुंड जेवढी स्वच्छ, तेवढीच मंडळी स्वच्छ."

पुस्तकात हेच सगळं समीकरण घालून दोन पानं लिहिलेलं असतं. मी परीक्षेपुरतं पाठही केलं होतं. समजलं मात्र त्या भिंतीपाशी.

झुंड स्वच्छ हवी म्हणजे मीठ चांगलं हवं, आणि मीठ हा साहेबांचा खास प्रांत. जासईच्या पुढं उरणच्या बाजूला मिठागरं होती, तिथून आमचं मीठ येई. खाडीचं पाणी वाफेत आटतं, मीठ जमतं आणि मागं एक कडू पाणी उरतं. ती कडवट चव मॅग्नेशियमची. ताज्या मिठात हे पाणी मुरलेलं असतं. मीठ राशी घालून, गवतानं शाकारून एक पावसाळा ठेवलं की ते झरून निघून जातं. म्हणून साहेबांना मागच्या वर्षीचंच मीठ लागे, आणि ते कारखान्याच्या टेम्पोतून स्वतः आणायला जात. छत्री, पाण्याची बाटली आणि एक स्टीलचा डबा एवढा सरंजाम. राशीपाशी पोचले की चूळ भरत, तीन खडे जिभेवर ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. आधी खारट लागलं आणि मग काहीच लागलं नाही, तर पास. मागाहून कडवटपणा आला तर गाडी रिकामी परत. एकदा त्यांनी भरलेला अख्खा ट्रक फाटकातून परत पाठवला होता. मिठागरवाले त्यांना घाबरत, आणि घाबरतात याचा साहेबांना बराच आनंद होता.

आमच्या प्रयोगशाळेत मीठ कधी तपासलं जात नसे. आवक-नोंदवहीत मिठापुढे साहेबांच्या फाउंटन पेनच्या अक्षरात लिहिलेलं असे, 'जिव्हापरीक्षा: उत्तीर्ण.' मी नवीन होतो तेव्हा एकदा म्हटलं, "साहेब, ब्युरेट लावून मॅग्नेशियम किती ते मोजून बघू का? अर्ध्या तासाचं काम आहे." ते म्हणाले, "ब्युरेट खरं बोलतं रे, पण फार उशिरा बोलतं. तोवर गाडी उतरून झालेली असते."

रेझिनच्या भांड्यावर हसुराम नावाचा ऑपरेटर होता. तिशीचा, अंगानं काटक, कामाला चोख. मूळचा जासईचा. त्याचा बाप मिठागरात राबलेला आणि हाही लहानपणापासून त्याच चिखलात वाढलेला. लग्नानंतर मात्र तो घणसोली गावात सासऱ्यांच्या घरी राहायला आला होता आणि त्यावरून कँटीनमध्ये त्याची यथेच्छ चेष्टा होई. त्याच घराची वरची खोली मी भाड्यानं घेतली होती. त्याची बायको आठवड्यातून दोनदा तरी वर कालवण पाठवायची. नोकरी त्याचीही कायम नव्हती, माझीही नव्हती. दोघांचा निकाल त्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतर लागायचा होता.

साहेबांचाही. ऑगस्टमध्ये ते निवृत्त होणार होते. पण कारखान्यात नवा प्लांट येऊ घातला होता, दोन प्रकारच्या मण्यांचा, पाण्यातले सगळेच क्षार काढून घेणारा. तो यावा म्हणून साहेबांनी सहा वर्षं वरच्या ऑफिसला पत्रं लिहिली होती. नकाशे स्वतः काढले होते, तेही घरी, जेवणाच्या टेबलावर. मॅनेजरनं त्यांना शब्द दिला होता की प्लांट सुरू होईपर्यंत एक वर्ष मुदत वाढवून देऊ. दुसरं काही त्यांना नको होतं. "पहिलं पाणी माझ्या हातून निघू दे," एवढंच म्हणत.

एका रविवारी त्यांनी मला वाशीला जेवायला बोलावलं. काकूंनी साग्रसंगीत स्वयंपाक केला होता. मी आमटीचा पहिला घास घेतला आणि थांबलो. मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. साहेब मात्र भुरके मारत होते. "आज आमटी जमलीय," म्हणाले आणि आणखी वाढून घेतली. काकू जेवायच्या थांबल्या होत्या. त्या माझ्याकडे नाही, साहेबांकडे बघत होत्या. मग त्यांनी मिठाचं भांडं हळूच माझ्या ताटाशी सरकवलं. मला वाटलं, काय माणूस आहे, बायकोचं मन किती राखतो! दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ही गोष्ट मी चारचौघांना रंगवून सांगितली, आणि सगळ्यांना ती आवडली.

त्याच्या आधीच्या श्रावणात साहेब तापानं तीन आठवडे आजारी होते. परत आले ते रोडावून, पण चहाची सात मिनिटं आणि खिशातली मंडळी सगळं जागच्या जागी. त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

मे महिन्यात मिठाची नवी गाडी आली. जुन्या राशी संपत आल्या होत्या, पण साहेब नेहमीप्रमाणे जाऊन, चाखून, सोबत घेऊन आले होते. मी वरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून गाडी उतरताना बघत होतो. पोती खालून ओली दिसत होती. हसुरामनं एका पोत्यातला खडा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला.

"सायेब, ह्ये मीठ कडू हाय," तो म्हणाला. "नवीन हाय. पानी झरलाच नाय याचा."

साहेब एकदम लाल झाले. "हसुराम, मीठ पास कोण करतं?"

"तुमी."

"मग?"

"नाय, मी आपला सांगितला," असं म्हणून हसुरामनं पुढचं पोतं पाठीवर घेतलं. नोंदवहीत 'जिव्हापरीक्षा: उत्तीर्ण' असं लिहिलं गेलं. त्या दिवशी अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा तसं वाटल्याचं आठवत नाही.

दोन आठवड्यांत मंडळी बिघडली. एरवी दिवसभर टिकणारं भांडं दुपारीच दमायला लागलं. पाण्यात रंगद्रव्याचे थेंब टाकून आम्ही बघत असू. पाणी मऊ असेल तर निळं, जड असेल तर गुलाबी. आता मिठाची आंघोळ झाल्या झाल्याच त्या निळ्यात गुलाबी झाक दिसायची. साहेब म्हणाले, अजून एक पोतं घाला. घातलं. झाक राहिली. मग जूनच्या तोंडावर बॉयलरची एक नळी आतल्या थरानं तुंबून फुटली आणि कारखाना चार दिवस बंद पडला.

चार दिवस कारखाना बंद म्हणजे कुणाची तरी मान हवी. स्टोअरमधल्या कुणीतरी मॅनेजरच्या कानात सांगितलं की हसुराम दर आंघोळीला सहाच्या जागी चार पोती घालतो आणि उरलेलं मीठ सासरच्या गावात सुकी मासळी करणाऱ्या बायकांना विकतो. कोळीवाडा, मीठ, घरजावई, सगळं एका माळेत बसलं. हसुरामला घरी बसवण्यात आलं आणि शुक्रवारी चौकशी ठरली.

मी त्याच्या डोक्यावर राहत होतो. सोमवारी संध्याकाळी तो जिन्याच्या पायरीवर बसला होता. मला वाट द्यायला सरकला आणि म्हणाला, "दादा, मी सहाच पोती टाकली. कदी कदी सातपन. पन तो मीठच..."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी त्या मिठाचा नमुना घेतला आणि ब्युरेट लावलं. पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. मॅग्नेशियम इतकं होतं की असल्या मिठाची साठ पोती घातली असती तरी मणी साफ झाले नसते. मला काकूंची आमटी आठवली. हातातला फ्लास्क मी खाली ठेवला. एका कागदावर आकडा लिहिला, घडी करून पाकिटात घातली, भांडी धुतली आणि जागेवर जाऊन बसलो.

तो कागद मी कुणाला दाखवला नाही. कारणं होती. साहेबांचा शब्द गेला तर मला कायम करण्याची शिफारस करणारं दुसरं कोण होतं? शिवाय मनात म्हटलं, शुक्रवार यायचाय अजून. बसू दे.

शुक्रवारी दुपारी मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. मॅनेजर, पर्सोनेलचा एक अधिकारी, साहेब, मी आणि दाराशी उभा हसुराम. मॅनेजरनं थेट विचारलं, "किती पोती विकलीस?"

"सायेब, मी मिठाला हात नाय लावला. सहा टाकाची तर सहाच टाकली. पन मीठच कडू हाय. गाडी उतरवताना मी बोललो होतो."

"म्हणजे आता मिठाची चूक?" मॅनेजर हसला आणि साहेबांकडे वळला. "मीठ तुम्ही पास केलंय ना? मग विषयच संपला. या चौकशीच्या कागदावर सही करा, आपण मोकळे. नव्या प्लांटचे कागद आज मुंबईला पाठवायचेत, तुमची मुदतवाढ त्यातच आहे."

पाकीट माझ्या मागच्या खिशात होतं. मी त्यावरच बसलो होतो. साहेबांनी समोरचा कागद वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि हसुरामकडे पाहिलं.

"मीठ मी पास केलं," ते म्हणाले. "पण मला चव लागत नाही."

"काय?"

"श्रावणातल्या तापापासून. वासही येत नाही. तोंडात खडा आहे एवढं समजतं, तो कसला ते समजत नाही. या माणसानं मला सांगितलं होतं, मीठ कडू आहे म्हणून. मी त्याला गप्प केलं."

पर्सोनेलचा अधिकारी गंमत समजून हसायला लागला आणि मध्येच थांबला. मॅनेजर म्हणाला, "अहो, नऊ-दहा महिने तुम्ही सांगितलं का नाहीत?" साहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं, मण्यांच्या बाटलीशेजारी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीठ तपासून घ्या. हा करेल."

मी "हो साहेब" म्हणून उठलो. प्रयोगशाळेत गेलो, ब्युरेट भरलं, नमुना विरघळवला आणि जे मला मंगळवारपासून ठाऊक होतं ते सगळं पुन्हा एकदा, अर्धा तास घेऊन, नीट करून दाखवलं. नव्या कागदावर आकडा लिहून केबिनमध्ये नेऊन दिला. मॅनेजर म्हणाला, "गुड." मला आयुष्यात मिळालेल्या शाबासक्यांत ही एक मी कधी कुणाला सांगितली नाही.

सोमवारी हसुराम कामावर आला. जुन्या राशीचं उरलंसुरलं मीठ शोधून आणलं, मंडळींना दोन-तीन वेळा दणकून आंघोळ घातली आणि पाणी पुन्हा निळं दिसायला लागलं. हसुराम कायम झाला. मीही झालो. त्या आठवड्यात त्याच्या बायकोनं नेहमीसारखं कालवण वर पाठवलं आणि मी ते खाल्लं. घास घशात अडकला वगैरे काही झालं नाही. लाज वाटत असली तरी जेवण व्यवस्थित जातं, हे मला तेव्हा कळलं.

साहेबांच्या मुदतवाढीचा विषय पुन्हा निघाला नाही. तो कुणी नाकारला नाही, नुसता काढला नाही. ऑगस्टमध्ये त्यांना नारळ, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. नवा प्लांट पुढल्या वर्षी सुरू झाला. पहिलं पाणी माझ्या हातून निघालं.

शेवटच्या दिवशी समारंभ आटोपल्यावर ते वर प्रयोगशाळेत आले. आम्ही दोघंच होतो. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि ब्युरेटमध्ये भरायच्या द्रावणाची बाटली उजेडात धरली.

"ही मंगळवारी दोन बोटं उतरली होती," ते म्हणाले. "चौकशीच्या आधीच्या मंगळवारी."

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"घाबरू नकोस. तू शुक्रवारी तोंड उघडलं असतंस तर मी तुला खोटं पाडलं असतं. काय म्हणायचं तेही ठरवलं होतं. शिकाऊ पोरगा आहे, काहीतरी चुकलं असेल, म्हणून. तीन दिवस तेच घोकत होतो." त्यांनी बाटली जागेवर ठेवली. "तू बोललाच नाहीस. मग खोटं पाडायला तिथं हसुरामच उरला."

मला त्यांची माफी मागायची होती. हसुरामची आधी मागायला हवी होती, हेही त्याच क्षणी कळत होतं. दोन्ही केलं नाही. "साहेब," एवढंच म्हटलं.

"किती निघालं होतं रे मॅग्नेशियम? मॅनेजरनं मला कागद दाखवलाच नाही."

मी आकडा सांगितला. त्यांनी तो तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटला.

"एवढं? म्हणजे चांगलंच कडू असणार."

"मी चाखलं नव्हतं, साहेब."

"नाही ना? मग तुला काय सांगता येणार," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून हळूहळू जिना उतरत हसुरामला विचारायला खाली गेले.